तुझा हातगुण

तारीख ४, सकाळची गाडी

धाकटे,

माझं वासरू तू विकत घेतलंस, हे मला दूधगाडीवाल्याच्या तोंडून कळावं? बाजारात एवढी जनावरं उभी होती आणि तुला नेमकी माझीच कालवड दिसली. मी ती छत्रीवाल्या दलालाला विकली होती, तुला नाही. तुला मी विकलीच नसती. ती तुझ्याकडे जाणार हे माहीत असतं तर माझ्या गोठ्यात म्हातारी झाली असती, पण तुझ्या दावणीला बांधू दिली नसती.

तू तिचं नाव ‘राणी’ ठेवलंस म्हणे. गाडीवाला फळीवर कोपर टेकून हसत सांगत होता, जशी काही पेढे वाटण्यासारखी बातमी आहे. मी कॅन त्याच्या पायावर आपटता आपटता राहिले. ती ठिपकी आहे. कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या वासराला ठिपकी म्हणतात. राणी म्हणून हाक मारलीस तर कानसुद्धा हलवणार नाही, बघ.

घर सोडून गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, “ताई, पुन्हा तुझं तोंड बघणार नाही.” नको बघूस. पत्र वाचायला माझं तोंड लागत नाही. त्यात वासराचा काही गुन्हा नाही, म्हणून लिहिते.

गाडीतून उतरल्या उतरल्या दूध पुढे करू नकोस. आधी तिला विसावू दे. कोमट पाण्यात थोडी साखर आणि चिमूटभर मीठ घालून ते दे, मग दूध. दूध मनगटावर टाकून बघ, गरमही लागायला नको आणि गारही. थोडं थोडं, दिवसातून तीन वेळा. कौतुकाने भरमसाट पाजलंस तर ढाळ लागतील. खाली पेंढा कोरडा हवा. डोळ्यांनी बघून कळत नाही, गुडघे टेकून बघ. गुडघे ओले झाले तर पेंढा बदल. वाऱ्याच्या तोंडाशी बांधू नकोस. तुझ्या गोठ्याचं दार वाऱ्याकडेच आहे, असं गाडीवाला म्हणतो. दार कुठे करावं हे कोणाला तरी विचारायचं होतंस की.

पिते ती बादलीने. शिकवायचं कसं, ते तुला सांगायला नको. दोन बोटं दुधात बुडवून तोंडात द्यायची, चोखायला लागली की हात हळूहळू बादलीत उतरवायचा. बाबांनी आपल्या दोघींना ते एकाच दिवशी शिकवलं होतं. तुझं वासरू आधी प्यायलं, माझ्या वासराने बादली उलटवली.

त्या दिवसापासून ‘हातगुण’ हा शब्द या घरात तुझ्या मालकीचा झाला. धाकटीने धार काढली की गाय पान्हा चोरत नाही. धाकटीचा हात पाठीवरून फिरला की जनावर तजेलदार होतं. शेण मी काढायचं, वैरण मी कापायची, कॅन मी घासायचे, आणि हात तुझा! बाबा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले की हा गोठा धाकटीच्या हातगुणावर चाललाय, तेव्हा मी म्हटलं, मग जा म्हणावं तो हात घेऊन. तू गेलीसही. अर्ध्या गाई आणि अख्खा हातगुण घेऊन गेलीस.

आता बघू या, तो काय करतो ते.

ताई
(नातं आहे म्हणून लिहिते.)

&nbsp;

तारीख ६, सकाळची गाडी

धाकटे,

रिकाम्या कॅनच्या झाकणात खोचलेली तुझी चिठ्ठी मिळाली. ‘राणी बादलीला तोंड लावत नाही. बोटं चोखते, पण हात दुधात नेला की मान काढून घेते. काय करू?’

वाचून मला वाईट वाटलं असं लिहिलं पाहिजे. खरं सांगू? मी चहा दुसऱ्यांदा गरम करून, खुर्ची ओढून, बसून प्यायले. कित्येक दिवसांत चहा इतका चांगला झाला नव्हता.

बादली स्टीलची आहे, चकाकते, म्हणून घाबरत असेल, असं तू लिहिलंयस. नाचता येईना अंगण वाकडं! बादली बदल, नाहीतर बादलीला रंग दे. पण ओतू मात्र नकोस. तोंड वर धरून घशात दूध ओतलंस तर ते छातीत जाईल आणि वासरू हातचं जाईल. आणि प्रत्येक वेळी नवीन माणूस पुढे करू नकोस. तुझा नवरा लाकडाच्या वखारीतून येतो, अंगभर भुसा, वर शिंका. त्याला गोठ्यात कशाला पाठवतेस?

हे सगळं खरं आहे. आणखी एक गोष्ट आहे, ती लिहीत नाही. ती हातगुण असणाऱ्यांना आपोआप कळत असेल.

एक घोटाळा झालाय. गाडीवाल्याला हळू बोलणं माहीत नाही. “धाकट्या ताईंचं वासरू काही पीत नाही बरं का” असं तो फाटकातून ओरडला आणि बाबांनी ऐकलं. तेव्हापासून खुर्ची फाटकापाशी नेऊन बसलेत. मला म्हणतात, “थोरले, तिला जमत नाही म्हणजे वासरातच काहीतरी खोट असणार.” बघ! माझ्याकडे पीत नव्हती तेव्हा खोट कोणात होती?

ताई

&nbsp;

तारीख ७, सकाळची गाडी निघून गेल्यावर

धाकटे,

बाबांना मी पाठवलेलं नाही. ते गेले.

मी कॅन चढवत होते, तेवढ्यात हे पुढच्या सीटवर बसलेले. हातात काठी, मांडीवर आपली जुनी पाजायची बाटली, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो शर्ट मी त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी ठेवला होता. दोन महिने मी मागे लागले होते तपासणीला चला म्हणून, तेव्हा गुडघे दुखत होते. तुझ्या वासरासाठी गाडीची पायरी टणकन चढले.

“संध्याकाळी येतो,” म्हणाले. आणि गाडीवाला वळण घेत असताना खिडकीतून डोकं काढून सांगतात, “थोरले, दुधावर लक्ष ठेव, उतू जाईल.” मला! मी दुधावर लक्ष ठेवणार नाही तर कोण ठेवणार?

डोळ्यांत औषधाचे थेंब सकाळ-संध्याकाळ. डावा डोळा आधी. उजव्यापासून सुरू केलंस तर चिडतात. आजच्या संध्याकाळच्या गाडीने परत पाठव.

ताई

&nbsp;

तारीख १०, संध्याकाळची गाडी

धाकटे,

संध्याकाळची गाडी त्या दिवशी आली, नंतरही रोज आली. बाबा आले नाहीत. आज निरोप आला की त्यांची गोधडी पाठव, दाढीचा आरसा पाठव आणि लोकरीचे मोजे पाठव.

सोबत एक मोजा पाठवत आहे. दुसरा इथेच आहे. पाय गार पडला की त्यांना आठवेल, दुसरं घर कुठे आहे ते. हसू नकोस.

घरात फार शांत आहे. मी एकटीने जेवताना ताटाचा आवाज होतो तोसुद्धा मोठा वाटतो. बाबांच्या बोलण्याचा मला वैताग यायचा. सकाळी उठल्यापासून धाकटी असं करायची, धाकटी तसं करायची. आता तेवढंही कानावर पडत नाही, तर मीच गाईला म्हटलं, “धाकटी असती तर तुझी शिंगं घासली असती.” म्हटलं आणि स्वतःच्याच तोंडावर मारावंसं वाटलं.

माझ्या पोटात दुखतंय, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. तिथे तुम्ही तिघं गोठ्यात बसत असाल. बाबा पेंढ्याच्या भाऱ्यावर बसून जुन्या गाईंच्या गोष्टी सांगत असतील. तू मधूनच हसत असशील, डोकं मागे टाकून हसतेस तशी. त्यांना ते आवडतं. मी हसले की म्हणतात, काय झालं? तुला बाबा मिळाले, ठिपकी मिळाली, आणि मला दोन्हींच्या जागेचा रिकामा खुंटा.

जागा पुरत नाही म्हणून ठिपकी विकली, असं मी बाबांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. ती सुरुवातीला माझ्याकडेसुद्धा पीत नव्हती. मी कमरेचा काटा ढिला होईपर्यंत तिच्यामागे लागले आणि प्यायला लावलीच. बाबांना सांगायला गेले, “प्यायली हो,” तर म्हणतात कसे, “धाकटीने हात लावला असता तर पहिल्याच दिवशी प्यायली असती.” पुढच्याच बाजाराला मी तिला दलालाच्या हवाली केलं. ज्या वासराचं श्रेय मला मिळायचं नाही, ते माझ्या डोळ्यांसमोर कशाला वाढायला हवं? आणि ते गेलं कुठे, तर तुझ्याकडे. माझा राग तुझ्या पथ्यावर पडला.

गाडीवाला म्हणाला, बाटलीचे दोन घोट घेते आणि तोंड फिरवते. बरगड्या दिसतात. जनावरांचे डॉक्टर सुई देऊन गेले. हे ऐकल्यावर मात्र माझा चहा गार झाला, प्यायले नाही.

मला कोणी विचारत का नाही? तू एकदा विचारलंस, काय करू म्हणून. ते कोणालाही विचारतात. ताई, तू काय केलंस, असं विचारलं नाहीस. आणि बाबांनी तर तेही नाही. ठिपकीची आई माझ्या गोठ्यात उभी आहे, ठिपकी माझ्या हातची प्यायलेली आहे, हे तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात येत नाही का? की माझं नावच निघत नाही तिथे?

ताई

&nbsp;

तारीख ११, सकाळची गाडी

धाकटे,

तुझी चिठ्ठी आत्ता मिळाली. गाडीवाल्याला थांबवून धरलंय, तो हॉर्न वाजवतोय, वाजवू दे. तू लिहिलंयस ते मी पुन्हा इथे उतरवते, कारण मला ते माझ्या हाताने लिहून बघायचंय.

‘ताई, तुझी ठिपकी आज सकाळी उठलीच नाही. बाबा आल्यापासून एकच धोशा लावून बसलेत. थोरली असती तर एव्हाना प्यायली असती. थोरलीच्या हातात आलेलं जनावर उपाशी राहत नाही. थोरली चिवट, तुझ्यासारखी चार लाडिक शब्द बोलून मोकळी होत नाही. माझे कान किटले गं. खरं सांगू, ती तुझ्या गोठ्यातली आहे हे ठिपक्यावरून ओळखूनच मी घेतली होती. तुझं जनावर तुझ्यापेक्षा गुटगुटीत करून बाबांना दाखवायचं होतं. आता काय दाखवू? ताई, तू तिला कशी पाजायचीस? तेवढं सांग. हवं तर राणी म्हणणार नाही.’

बाबा असं म्हणतात? माझ्याबद्दल? इथे मला त्यांनी कधी चिवट म्हटलं तर ते भाकरीला म्हटल्यासारखं म्हटलं. हे मी नंतर बघते. आधी ठिपकी.

नीट वाच. तिच्याकडे तोंड करून उभी राहू नकोस. तू समोर बसून, गळ्याखाली खाजवून, डोळ्यांत बघत लाडीगोडी लावत असशील. तिला ते चालत नाही. तिला चेहरा नको, आडोसा हवा. तिच्याकडे पाठ करून उभी राहा. पाय फाकव, बादली दोन्ही गुडघ्यांत घट्ट धर, थोडी मागे कलती. कमरेत वाक आणि एक हात पुढून बादलीत घालून दोन बोटं दुधावर ठेव. मग गप्प उभी राहा. मागे वळून बघायचं नाही. हाक मारायची नाही, राणीही नाही आणि ठिपकीही नाही. ती मागून येईल, तुझ्या पायांमधून डोकं घालेल आणि गाईच्या पोटाखाली शिरल्यासारखी बोटं शोधेल. ढुशी मारेल तेव्हा पडू नकोस. मी पहिल्यांदा बादलीसकट पालथी पडले होते. पिताना बोटं काढून घे, तिला कळतही नाही.

आज उठत नसेल तर आधी दोघांनी पोटाखालून पोतं घालून तिला उभी करा. पाय चोळा. साखर-मिठाचं पाणी चमच्याने जिभेवर सोडा, गिळते का ते बघत. थोडी तरतरी आली की मग पाठ करून उभी राहा. पहिल्या खेपेला अगदी थोडं दूध.

हे मला कसं सुचलं, तर सुचलंच नाही. बाबा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून तुझं कौतुक करत होते. माझं डोकं फिरलं. मी त्यांच्याकडे पाठ केली, ठिपकीकडेही पाठ केली, आणि केस बांधायला हात मोकळे हवेत म्हणून बादली गुडघ्यांत धरली. बाबा उठून आत गेले. तेवढ्यात मागून ढुशी बसली. ओरडलेच मी. पण ती प्यायली. त्यानंतर मी तिला बाबा झोपले की पाजायची. अशा अवतारात त्यांनी मला बघितलं असतं तर आयुष्यभर हसले असते.

हेच मी चार तारखेला लिहायला हवं होतं. तेव्हा मला ती तुझ्याकडे पिऊ नये असं वाटत होतं. मरावी असं वाटत नव्हतं. दोन्हींत अंतर किती कमी असतं, ते मला आज कळलं. आता वेळ घालवू नकोस.

ताई

&nbsp;

तारीख १२, सकाळची गाडी

काही कळवलं नाहीस. गाडीवाला म्हणतो, काल दुपारनंतर तो तुमच्या बाजूला गेलाच नाही, गाडीचा पट्टा तुटला होता. त्या पट्ट्याला काल दुपारीच तुटायचं होतं!

मोजा पाठवत आहे. दुसरा.

ताई

&nbsp;

तारीख १५, सकाळची गाडी

धाकटे,

बाबा काल संध्याकाळी घरी आले. दोन्ही पायांत मोजे.

तुझी चिठ्ठी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. तीत काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, चष्मा तुझ्याकडेच विसरलेत. तो पाठव. ठिपकी आता उभी राहून पिते, पिऊन झाल्यावर तुझा पदर चोखते, आणि काल पहिल्यांदा उड्या मारल्या, हे वाचून मी गोठ्यात जाऊन तिच्या आईला सांगून आले. दूध पिऊन झालं की तिच्या तोंडात कोवळ्या गवताची काडी सरकव. चोखायची सवय गवतावर जाते, पदर वाचतो.

आता पुढचं ऐक. चहाचा कप हातात दिला आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मग, प्यायली कशी शेवटी?”

बाबा म्हणाले, “धाकटीच्या हातून प्यायली. हातगुण आहे तिचा.”

मी म्हटलं, “बाबा, पाठ करून उभं राहायचं, ते मी लिहून कळवलं होतं.”

“हो, सांगितलं तिने. पण युक्ती काय, कोणीही सांगेल गं. हात असावा लागतो.”

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी तडक उठले आणि ओट्याकडे तोंड करून भांडी घासायला लागले. घासलेली भांडी पुन्हा घासली. आणि मग तुझी चिठ्ठी उघडून शेवटच्या ओळी वाचल्या. ‘ठिपकी प्यायली तेव्हा मला वाटलं, आता तरी बाबा पाठ थोपटतील. तर म्हणाले, बघ, थोरलीने इतक्या दुरून पाजली. तू काय, नुसती उभी होतीस.’

धाकटे, मी इतकी हसले की बाबांनी आतून विचारलं, काय झालं?

म्हणजे हे असं आहे. दुरून डोंगर साजरे. आपण जिथे आहोत तिथे आपण कोणी नाही, आणि जिथे नाही तिथे आपल्यासारखं कोणी नाही. आई होती तेव्हा तिच्या हाताला चव नव्हती, शेजारणीच्या होती. आई गेल्यावर बाबांना एकही जेवण तिच्यासारखं लागलेलं नाही. जित्याची खोड आहे, ती जायची नाही. माझ्या तोंडावर ते मला कधी चांगलं म्हणणार नाहीत. मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली. तुलाही तिथे बसून तेच ऐकावं लागलं, याचा मला आनंद झाला. मनापासून झाला. आणि मग वाईटही वाटलं, पण नंतर.

तुझ्याविषयी पोटात दुखायचं थांबलंय असं समजू नकोस. ठिपकी तुझा पदर चोखते हे वाचलं तेव्हा दुखलंच. माझ्या पदराला तिने कधी तोंड लावलं नाही. तिला राणी म्हण हवं तर. इतकं दूध पिते म्हणजे नाव शोभेल.

पण एक सौदा करू. बाबा दर आठवड्याला चार दिवस तुझ्याकडे, तीन दिवस माझ्याकडे राहतील. गाडीवाला न्यायला तयार आहे, त्याला बाबांच्या गोष्टी आवडतात. तिथे असताना ते माझ्याबद्दल जे म्हणतील ते तू लिहून पाठवायचं. त्यांच्याच शब्दांत, मध्ये आपली मीठमिरची न घालता. इथे असताना ते तुझ्याबद्दल जे म्हणतील ते मी पाठवेन. आपल्या दोघींना ते असंच मिळणार आहे, एकमेकींच्या हातून. दुसरा रस्ता नाही.

सुरुवात मी करते. लिहिताना दात-ओठ खाते आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आज सकाळी धार काढताना बाबा उंबऱ्यावर बसून म्हणाले, “धाकटी गेली तेव्हापासून या गोठ्यात कोणी गुणगुणत नाही. ती गुणगुणायची ना, तर मला वाटायचं की घर भरलेलं आहे.”

हे तुझं. मी त्यातला एकही शब्द ठेवून घेतलेला नाही.

आता माझं पाठव.

ताई